मूतखड्याची शस्त्रक्रिया आणि रोबोटिक साहाय्य : पेडणे-डिचोलीच्या रुग्णांनी काय जाणून घ्यावे

मूत्रपिंडातील खडा काढताना शल्यविशारदाच्या हाताला संगणकनियंत्रित यंत्राची जोड देणे, याला रोबोटिक साहाय्य म्हणतात. अलीकडच्या काळात हा शब्द जाहिरातींतून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून गावोगावी पोहोचला आहे. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या घरात सोनोग्राफीचा अहवाल हाती पडला, की ‘आता रोबोने खडा काढतात म्हणे’ हा विषय निघतो. त्यात आशा असते, तसा गैरसमजही असतो. हे यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करत नाही, प्रत्येक खड्याला त्याची गरज नसते आणि जिथे ते उपयोगी पडते तिथेही त्याचे काम ठरावीक असते. मूत्रपिंड वाचणार की निकामी होणार, हे बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात शिरण्यापूर्वीच ठरू लागते. रुग्ण वेळेवर पोहोचला का, ताप अंगावर काढला का, घातलेली नळी वेळेत काढून घेतली का, या गोष्टी यंत्राइतक्याच, किंबहुना अधिक निर्णायक असतात.

खडा होतो कसा?

मूत्रपिंड रक्त गाळून नको असलेले क्षार मूत्रावाटे बाहेर टाकते. मूत्रात पाणी कमी आणि क्षार अधिक झाले, की त्यांचे स्फटिक बनतात, एकमेकांना चिकटतात आणि खडा वाढू लागतो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक अॅसिडचे, काही जंतुसंसर्गातून तयार होणारे आणि अगदी थोडे आनुवंशिक दोषातून होणारे असतात. युरिक अॅसिडचा खडा औषधाने विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही. त्यामुळे बाहेर पडलेला किंवा काढलेला खडा फेकून न देता प्रयोगशाळेत तपासून घेणे पुढील उपचारांसाठी महत्त्वाचे ठरते.

उष्ण व दमट हवेत घामावाटे पाणी जाते आणि मूत्र गडद होते. काजूच्या हंगामात डोंगरउतारावर दिवसभर बोंडू वेचणारे, डिचोलीच्या खाणपट्ट्यात उन्हात राबणारे, ट्रक व टॅक्सी चालवणारे, मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे, बांधकामावरचे मजूर या सर्वांच्या कामात दोन गोष्टी समान असतात. घाम भरपूर येतो आणि पाणी पिण्याची किंवा लघवीला जाण्याची सोय सहज नसते. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिणारे अनेक जण असतात, त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. खड्याला पोषक अशी हीच परिस्थिती आहे.

कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नव्हे

मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत मूत्र नेणारी मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. खडा तिच्यात उतरला की कमरेच्या एका बाजूपासून जांघेपर्यंत असह्य कळ येते, मळमळते, उलटी होते, कधी लघवीतून रक्त जाते. ५ मिलिमीटरपर्यंतचे साधारण दोन तृतीयांश खडे आपोआप पडून जातात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याहून किंचित कमी असते. म्हणून लहान खड्याला बहुधा वेदनाशामक औषध, पाणी आणि काही आठवड्यांची देखरेख एवढेच पुरते.

घात होतो तो या टप्प्यावर. मूत्रवाहिनी पूर्ण तुंबली की काही दिवसांनी मूत्रपिंडातील दाब उतरतो आणि कळ आपोआप कमी होते. रुग्ण समजतो, खडा पडला. प्रत्यक्षात तो तिथेच अडकलेला असतो आणि वरचे मूत्रपिंड फुगत, हळूहळू निकामी होत जाते. दुसरे मूत्रपिंड काम करत असल्याने शरीर तक्रार करत नाही. अनेक महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत एका बाजूचे मूत्रपिंड पातळ पिशवीसारखे दिसते, तेव्हा कोणतेही यंत्र त्याला पूर्ववत करू शकत नाही. कळ थांबल्यानंतरही पुन्हा तपासणी करून खडा गेल्याची खातरजमा करणे म्हणूनच आवश्यक आहे. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतील खडा नेहमी दिसतोच असे नाही. शंका असल्यास रंगद्रव्य न देता केलेला सीटी स्कॅन अधिक खात्रीचा असतो.

खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप येणे ही तातडीची अवस्था आहे. तुंबलेल्या मूत्रात जंतू वाढले, की ते काही तासांत रक्तात पसरू शकतात. अशा वेळी प्रथम तुंबारा मोकळा करावा लागतो. त्यासाठी आतून डीजे स्टेंट नावाची बारीक नळी घालतात किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवतात. खडा काढण्याची शस्त्रक्रिया, रोबोटिक असो वा साधी, संसर्ग आटोक्यात आल्यानंतरच केली जाते. ताप असताना घरगुती काढा घेत थांबणे किंवा ‘रोबो असलेल्या’ दूरच्या इस्पितळाची तारीख मिळण्याची वाट पाहणे, दोन्ही जिवावर बेतू शकते. एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि लघवी पूर्ण बंद झालेले रुग्ण यांनीही विनाविलंब इस्पितळ गाठावे.

सुश्रुतापासून लेझरपर्यंत

मूतखड्यावरील शस्त्रक्रिया ही वैद्यकातील अतिप्राचीन शस्त्रक्रियांपैकी एक. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने खड्याचे प्रकार, लक्षणे आणि मूत्राशयातील खडा छेद घेऊन काढण्याची पद्धत वर्णिली आहे. औषधोपचाराला दाद न देणाऱ्या रुग्णातच हा धोक्याचा उपाय करावा, अशी सावधगिरीही तिथे आहे.

आधुनिक काळात दीर्घकाळ कुशीत मोठा छेद घेऊन मूत्रपिंड उघडावे लागे. १९७६ साली स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून केलेल्या छोट्या मार्गाने खडा काढल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तीच आजची पर्क्युटेनियस नेफ्रोलिथोटॉमी, म्हणजे पीसीएनएल. १९८० साली जर्मनीतील म्यूनिक येथे ख्रिश्चन चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा पहिला उपचार केला. पुढे नैसर्गिक मूत्रमार्गातून वर जाणारी लवचीक दुर्बीण आणि तिच्यातून नेता येणारा लेझरचा बारीक तंतू आला. या पद्धतीला आरआयआरएस म्हणतात. तिच्यात शरीरावर एकही छेद नसतो.

आज साधारणपणे २ सेंटीमीटरहून मोठ्या खड्यासाठी पीसीएनएल, १ सेंटीमीटरहून लहान खड्यासाठी आघातलहरी किंवा आरआयआरएस आणि मधल्या आकारासाठी खड्याची जागा, काठिण्य व रुग्णाची प्रकृती पाहून निवड, अशी विभागणी केली जाते. मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यातील खडा आघातलहरींनी फुटला, तरी त्याचे तुकडे वर चढून बाहेर पडणे कठीण असते. तिथे दुर्बिणीची पद्धत सरस ठरते. थोडक्यात, बहुसंख्य खडे रोबोशिवाय आणि मोठ्या छेदाशिवाय काढले जातात. छेद टाळण्यासाठी रोबो हवा, हा समज मूतखड्याच्या बाबतीत बरोबर नाही.

रोबो म्हणजे नेमके काय?

शस्त्रक्रियेतील रोबो हा स्वतः विचार करून हात चालवणारा यंत्रमानव नसतो. शल्यविशारद काही अंतरावर नियंत्रणकक्षासारख्या आसनावर बसतो, विस्तारित प्रतिमा पाहतो आणि दांडे फिरवतो. त्याच्या हालचाली संगणकामार्फत रुग्णाजवळच्या यांत्रिक बाहूंपर्यंत पोहोचतात. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो आणि मोठी हालचाल लहान प्रमाणात उतरवता येते. या क्षेत्रातील सर्वांत परिचित ‘दा विंची’ प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली मान्यता दिली. भारतात गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्स कंपनीने ‘मंत्र’ ही देशी प्रणाली विकसित केली असून २०२२ पासून ती वापरात आली.

या प्रणालींचा मूत्ररोगशास्त्रातील मुख्य उपयोग प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, मूत्रपिंडातील गाठ आणि मूत्रवाहिनीची पुनर्रचना यांसाठी होतो. मूतखड्यासाठी त्यांचे स्थान बरेच मर्यादित आहे. खड्याच्या संदर्भात ‘रोबोटिक’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या यंत्रांसाठी वापरला जातो. रुग्णांची गल्लत होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

तीन कामे, तीन यंत्रे

पहिले काम म्हणजे पोटातील छोट्या छिद्रांतून यांत्रिक बाहू घालून मूत्रपिंडाचा द्रोण उघडणे, खडा काढणे आणि पुन्हा शिवणे. मूत्रपिंड व मूत्रवाहिनीच्या सांध्याशी जन्मजात अरुंदपणा असेल आणि त्यामुळे वर खडे साचले असतील, तर अरुंद भाग कापून नवा सांधा जोडणे आणि खडे काढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. येथे बारीक टाके घालावे लागतात, म्हणून यांत्रिक मनगटाचा खरा फायदा मिळतो. मूत्रपिंड ओटीपोटात राहिलेले असणे, दोन्ही मूत्रपिंडे घोड्याच्या नालेसारखी जोडलेली असणे किंवा द्रोणात अतिशय मोठा खडा असणे, अशा निवडक रुग्णांत ही पद्धत विचारात घेतली जाते.

दुसरे काम लवचीक दुर्बीण चालवण्याचे. आरआयआरएस करताना शल्यविशारदाला जड शिशाचा अंगरखा घालून, एका हाताने दुर्बीण धरून, पायाने क्ष-किरण व लेझरची पायपट्टी दाबत दीर्घकाळ उभे राहावे लागते. रोबोटिक दुर्बिणीत तो क्ष-किरणांपासून दूर बसून तेच काम करतो. या दिशेच्या आरंभीच्या प्रयत्नांत भारतीय वाटा लक्षणीय आहे. हृदयातील कॅथेटर हाताळण्यासाठी बनवलेले यंत्र मूत्रपिंडासाठी वापरून १८ रुग्णांचा अनुभव २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत गुजरातमधील नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे शल्यविशारद होते. त्यानंतर तुर्कस्तानात खास याच कामासाठी ‘रोबोफ्लेक्स अविसेना’ तयार झाले. २०१४ साली सात शल्यविशारदांनी ८१ रुग्णांवर केलेल्या वापराचा अहवाल आला. दक्षिण कोरियातील ‘झामेनिक्स’ यंत्रात श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या मूत्रपिंडाशी दुर्बिणीची हालचाल जुळवण्याची सोय आहे. अमेरिकेत ‘मोनार्क’ प्रणालीला मूत्रमार्गातील वापरासाठी २०२२ साली परवानगी मिळाली.

तिसरे काम सुई अचूक नेण्याचे. पीसीएनएलमधील सर्वांत कठीण टप्पा खडा फोडण्याचा नसून पाठीतून मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात पहिली सुई घालण्याचा असतो. सुई चुकली तर रक्तस्राव होतो, फुप्फुसाच्या आवरणाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते. सिंगापूरमध्ये विकसित झालेले एक यंत्र क्ष-किरण प्रतिमेवरून सुईचा कोन ठरवून ती त्या रेषेत धरून ठेवते. जपानमधील नागोया येथे या यंत्राची तुलना सोनोग्राफीच्या साहाय्याने हाताने सुई घालण्याशी करण्यात आली. पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखे राहिले. मात्र यंत्राच्या गटात एकूण टोचण्या कमी लागल्या आणि वेळ वाचला. शिकाऊ शल्यविशारदांना त्याचा आधार मिळेल, अशी अपेक्षा आहे.

पुरावा काय सांगतो?

दुर्बिणीच्या रोबोने शल्यविशारदाचा शारीरिक ताण आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारे क्ष-किरण कमी होतात, ही बाब स्पष्ट आहे. परंतु रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : खडा पूर्ण निघण्याचे प्रमाण वाढते का आणि गुंतागुंत घटते का? अनुभवी हातांनी केलेल्या नेहमीच्या आरआयआरएसपेक्षा रोबोटिक आरआयआरएस निश्चितपणे सरस असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. लेझर तोच असतो, दुर्बीणही त्याच जातीची असते. यंत्राची जुळवणी करण्यात काही वेळ जातो आणि खर्च वाढतो. शिवाय दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत नेण्याचे सुरुवातीचे काम बहुतेक प्रणालींत हातानेच करावे लागते.

आणखी एक मर्यादा म्हणजे स्पर्शाची जाणीव. ऊती ताणली जात आहे हे अनुभवी बोटांना कळते. यंत्रातून ही संवेदना पूर्णपणे पोहोचत नाही, तिची जागा डोळ्यांनी भरून काढावी लागते. लवचीक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील प्रमुख धोके, म्हणजे संसर्ग रक्तात पसरणे, मूत्रवाहिनीला इजा होणे, तुकडे मागे राहणे, हे रोबो असतानाही राहतात. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीची जंतुतपासणी करून संसर्गावर उपचार करणे, मूत्रपिंडातील पाण्याचा दाब मर्यादित ठेवणे आणि शस्त्रक्रिया लांबू न देणे, ही जुनी पथ्येच रुग्णाचे रक्षण करतात.

याचा अर्थ रोबो निरुपयोगी आहे असा नाही. अरुंद सांधा व खडा एकत्र असलेल्या रुग्णाला, मूत्रपिंडाची रचना वेगळी असलेल्याला किंवा शिवणकामाची गरज असलेल्याला त्याचा लाभ आहे. तळाच्या कप्प्यातील ८ मिलिमीटरच्या साध्या खड्यासाठी मात्र केवळ यंत्राच्या नावावर अधिक पैसे मोजण्याचे वैद्यकीय कारण सहसा नसते.

पेडणे-डिचोलीहून बांबोळीपर्यंत

उत्तर गोव्याच्या या दोन तालुक्यांतील रुग्णासाठी उपचाराची पायरी जवळच सुरू होते. पेडणे व डिचोली येथील सामाजिक आरोग्य केंद्रांत, तसेच साखळीच्या केंद्रात प्राथमिक तपासणी, वेदनाशमन आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते. त्यापुढची पायरी म्हापशातील उत्तर गोवा जिल्हा इस्पितळाची आणि शेवटची बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळाची, म्हणजे गोमेकॉची. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या या संस्थेत मूत्ररोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पेडणे शहरातून बांबोळी सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. केरी-तेरेखोल किंवा डिचोलीच्या आतल्या गावांतून निघणाऱ्याला त्याहून अधिक वेळ लागतो. ताप असलेला, लघवी बंद झालेला किंवा उलट्यांनी थकलेला रुग्ण दुचाकीवरून नेण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे शहाणपणाचे ठरते.

धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाल्यापासून पेडणे तालुक्यात आयुर्वेदिक उपचारांचीही मोठी सोय झाली आहे. लहान, न अडकलेल्या खड्यासाठी अनेक रुग्ण तिकडे वळतात. त्यात गैर काही नाही. परंतु दोन्हीकडच्या वैद्यांना एकमेकांची औषधे ठाऊक असावीत आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी व रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी होत राहावी. मूत्रपिंड फुगले असेल किंवा ताप असेल, तर कोणत्याही पद्धतीची गोळी वा काढा तुंबारा मोकळा करण्याची जागा घेऊ शकत नाही.

दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्यात अनेक वर्षे चर्चेत असलेला मूत्रपिंडाचा विकार हा मूतखड्याहून वेगळा आहे. त्यात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमताच हळूहळू कमी होते. मूतखडा वेळेवर काढला तर मूत्रपिंड सहसा पूर्ण क्षमतेने काम करत राहते. हा फरक लक्षात घेतल्यास खडा निघाला म्हणून डायलिसिसची धास्ती घेण्याचे कारण उरत नाही.

खर्च आणि योजना

२०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांना संरक्षण मिळते. तीन किंवा त्याहून कमी सदस्यांच्या कुटुंबासाठी वार्षिक २.५ लाख आणि चार वा अधिक सदस्यांसाठी ४ लाख रुपये अशी तिची रचना आहे. योजना ठरावीक उपचारांच्या यादीनुसार चालते. म्हणून शस्त्रक्रियेचे नेमके नाव यादीत आहे का, स्टेंट आणि तो काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का आणि यंत्रासाठी वेगळी रक्कम भरावी लागेल का, हे दाखल होण्यापूर्वी इस्पितळातील योजना कक्षात विचारून लेखी घ्यावे. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे की नाही हे दुखणे उद्भवण्याआधीच पाहणे सोयीचे.

खासगी आरोग्य विमा असलेल्यांसाठीही एक तरतूद माहीत असावी. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत काही आधुनिक उपचारांची यादी दिली असून त्यात रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश आहे. विमा कंपनीला ती सरसकट वगळता येत नाही, मात्र रकमेवर उपमर्यादा घालता येते. पॉलिसीतील ही उपमर्यादा किती, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

होकार देण्यापूर्वीचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाने किंवा नातेवाइकांनी काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. खडा किती मिलिमीटरचा आणि नेमका कुठे आहे? तो आपोआप पडण्याची शक्यता आहे का, आणि किती दिवस थांबणे सुरक्षित आहे? मूत्रपिंड फुगले आहे का? सुचवलेली पद्धत कोणती, आणि रोबोटिक असल्यास वरील तीनपैकी कोणते यंत्र? साध्या पद्धतीपेक्षा या विशिष्ट रुग्णाला त्याचा कोणता लाभ होईल? संबंधित शल्यविशारदाने त्या यंत्रावर अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? एका वेळी खडा पूर्ण निघाला नाही तर पुढे काय? स्टेंट घालणार का आणि तो कोणत्या तारखेला काढायचा? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी सांगणे बंधनकारक समजावे.

विसरलेला स्टेंट

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये म्हणून डीजे स्टेंट ठेवला जातो. तो असेपर्यंत लघवीला वारंवार लागणे, कमरेत हलके दुखणे, क्वचित लाल लघवी होणे अपेक्षित असते. काही आठवड्यांत हा त्रास ओसरतो आणि नळी आहे हेच रुग्ण विसरतो. हंगामी कामासाठी आलेला मजूर गावी परततो, दर्यावर्दी तरुण जहाजावर रुजू होतो, वृद्ध रुग्णाच्या घरी कागद हरवतो. तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचू लागतात. पुढे तो स्वतःच दगडासारखा होतो, तुटतो, आणि मूळ खड्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. घरात कुणाला स्टेंट घातला असेल, तर काढण्याची तारीख दिनदर्शिकेवर आणि किमान दोघांच्या मोबाइलवर नोंदवून ठेवावी. अत्याधुनिक यंत्राने निर्दोष झालेली शस्त्रक्रियाही या एका विसरण्याने वाया जाते.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच ते दहा वर्षांत पुन्हा होतो. रोबोने काढला काय किंवा हाताने, शरीराची खडा तयार करण्याची प्रवृत्ती तीच राहते. तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी. इटलीत पाच वर्षे चाललेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के, तर नेहमीप्रमाणे पिणाऱ्या गटात २७ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला. किती प्यावे यापेक्षा किती लघवी होते हे मोजणे अधिक योग्य. दिवसाला सुमारे २.५ लिटर, फिक्या रंगाची लघवी हे उद्दिष्ट असावे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी ३ ते ४ लिटर पाणी लागू शकते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दूध-दही बंद करावे हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट अधिक शोषले जाते. इटलीतीलच २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी करणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्या प्रमाणात पुन्हा खडे झाले. गोव्याच्या ताटात मीठ लपलेले असते ते खारवलेल्या सुक्या मासळीत, लोणच्यात आणि पापडात. पावसाळ्यात त्यांवर हात राखावा. तांबडी भाजी, पालक आणि अळू यांत ऑक्झलेट अधिक असते. ती पूर्ण सोडण्याची गरज नाही, पण उकळून पाणी टाकून, दह्यासोबत, माफक प्रमाणात घ्यावीत.

बिंबलांबाबत विशेष सावधगिरी हवी. आमटीत किंवा माशाच्या कालवणात घातलेली दोन-चार बिंबले वेगळी आणि कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी पेलाभर घेतलेला त्यांचा रस वेगळा. अशा रसाने ऑक्झलेट साचून मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याचे रुग्ण केरळमध्ये नोंदले गेले आहेत. कुळथाचे कळण पिण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पातळ कळणाने पोटात पाणी जाते हा फायदा खरा, पण मोठा वा अडकलेला खडा त्याने विरघळतो असे सिद्ध झालेले नाही. बिअर किंवा हुर्राक प्याल्याने खडा धुऊन निघतो, हा समज तर उलटा आहे. मद्य सुरुवातीला लघवी वाढवते आणि नंतर शरीर कोरडे पाडते. लिंबूपाण्यातील सायट्रेट मात्र खरोखर उपकारक आहे, त्यात मीठ-साखर कमी असली म्हणजे झाले.

वारंवार खडे होणाऱ्यांनी, लहान वयात खडा झालेल्यांनी आणि एकच मूत्रपिंड असलेल्यांनी चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून घ्यावी. तिच्यातून नेमका कोणता क्षार वाढला आहे हे कळते आणि त्यानुसार औषध देता येते. वर्षातून एकदा सोनोग्राफी केली, तर खडा ४-५ मिलिमीटरचा असतानाच सापडतो, आणि त्या आकाराच्या खड्याला बहुधा ना यंत्र लागते, ना शस्त्रक्रिया.